एकच झाड, एवढ्या चवी कशा? कॉफीचे प्रदेश, पाऊस आणि खळं

घाटमाथा

जानेवारीत चिकमगळूरजवळच्या एका कॉफीच्या मळ्यात चार दिवस राहून आलो. निघताना मालकांनी दोन पुड्या हातात ठेवल्या. दोन्ही गेल्या हंगामातल्या, एकाच उतारावरच्या, एकाच जातीच्या झाडांच्या. फरक एवढाच, की एका पुडीसाठी फळं सोलून, धुऊन मग बिया वाळवल्या होत्या आणि दुसरीसाठी फळं सालासकट तशीच उन्हात पसरली होती. घरी येऊन दोन्ही बिनदुधाच्या करून प्यालो. पहिली हलकी, मोसंबीच्या सालीसारखी तरतरीत. दुसरी दाट, आणि कप नाकाजवळ नेला की पिकल्या फणसाचा वास. एकाच झाडाच्या दोन कॉफ्या इतक्या वेगळ्या लागत असतील, तर ‘ब्राझीलची कॉफी अशी’, ‘इथिओपियाची तशी’ असं आपण म्हणतो त्यात देशाचा वाटा नेमका किती? हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

गेले दोन महिने हाताला लागेल ते वाचतोय, नकाशे समोर ठेवून पावसाचे महिने जुळवून बघतोय. त्यातून माझं एक मत तयार झालंय, ते इथे मांडतो. कॉफीच्या प्रदेशाची चव दोन गोष्टींतून येते: फळ किती सावकाश पिकलं, आणि ते खुडलं तेव्हा आभाळातून ऊन पडत होतं की पाऊस.

पहिली गोष्ट आधी. कॉफी कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या पट्ट्यात होते हे आपण शाळेत शिकतो. पण अरेबिकाला, म्हणजे कॉफीच्या नाजूक चवीच्या मुख्य प्रजातीला, या पट्ट्यातलं ऊन नको असतं. तिला वर्षाची सरासरी साधारण १८ ते २२ अंश मानवते आणि दव गोठलं की झाड जातं. म्हणजे उष्ण कटिबंधात राहून थंडावा हवा. तो मिळतो डोंगरावर, कारण हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. रात्री गार असल्या की फळ घाई करत नाही, फुलापासून पिकायला आठ-नऊ महिने घेतं, बी घट्ट भरते, साखर टिकते. कपात जो आंबटगोड जिवंतपणा लागतो, तो या सावकाशपणातून येतो.

म्हणून पाकिटावर नुसता उंचीचा आकडा वाचून काही कळत नाही. कोलंबिया विषुववृत्ताला चिकटलेला, तिथे एवढा थंडावा मिळवायला दीड-पावणेदोन हजार मीटर चढावं लागतं. हवाई बेटांतलं कोना मात्र जवळपास आपल्या मुंबई-अहिल्यानगरच्या अक्षांशावर आहे. तिथे दोनशे ते आठशे मीटरवर उत्तम अरेबिका होते, कारण एक तर ते विषुववृत्तापासून लांब आणि दुसरं म्हणजे रोज दुपारी ढग येऊन मळ्यावर सावली धरतात.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. फळ खुडल्यावर लगेच काहीतरी करावं लागतं, नाहीतर ते कुजतं. काय करायचं हे तिथलं आभाळ ठरवतं. ब्राझीलमध्ये तोडणी मे ते सप्टेंबर, म्हणजे त्यांच्या कोरड्या हिवाळ्यात. ऊन भरपूर, पाऊस नाही, मग फळं सरळ खळ्यावर पसरायची आणि हलवत राहायचं. साल आणि गर बीवरच सुकतो, त्यातून ती शेंगदाणा-चॉकलेटच्या बाजूची, कमी आंबट, दाट कॉफी येते. सुमात्रात याच्या बरोबर उलट. पाऊस जवळजवळ बाराही महिने, बी पूर्ण वाळतच नाही. म्हणून तिथला शेतकरी बी अर्धीओली असतानाच तिच्यावरचं टरफल काढतो आणि मग उघडी बी पटकन वाळवतो. तिकडे याला ‘गिलिंग बासा’ म्हणतात, म्हणजे ओलं भरडणं. दाण्याला निळसर हिरवी झाक येते आणि कॉफीला ओल्या मातीचा, लाकडाचा वास. लोक त्याला ‘सुमात्राची माती’ म्हणतात. मी म्हणेन, तो सुमात्राचा पाऊस आहे.

कोलंबियात विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा वर्षातून दोनदा डोक्यावरून जातो. त्यामुळे बहुतेक भागांत दोन फुलोरे आणि दोन तोडण्या, एक मोठी आणि एक छोटी, तिला ते ‘मिताका’ म्हणतात. एवढ्या दमट हवेत अख्खं फळ वाळवणं अवघड, म्हणून सोलून-धुऊन सरकत्या छपराखाली वाळवायची रीत पडली. तीच ती स्वच्छ, समतोल चव.

इथे कुणी या भागांत राहिलेले, मळ्यावर काम केलेले असतील तर जरूर लिहा. माझं बरंचसं वाचलेलं आहे, मळा मी फक्त एक पाहिलाय.

बेळगावी

छान धागा. मी सकलेशपूरजवळ एका इस्टेटवर अकरा वर्षं हिशेबाचं काम केलं. तुम्ही तोडणीच्या वेळच्या आभाळाबद्दल लिहिलंत. माझ्या मते आपल्याकडचं सगळं त्याच्याही आधी ठरतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये.

तोडणी झाली की झाडं दोन महिने पाण्याविना असतात. कळ्या धरलेल्या असतात पण मिटून बसलेल्या. मग एक पाऊस हवा असतो, त्याला तिकडे सगळे ‘ब्लॉसम शॉवर’च म्हणतात, कन्नड बोलणारा मजूरसुद्धा. इंचभर तरी चांगला पडला की आठ-दहा दिवसांनी एका सकाळी अख्खा डोंगर पांढरा. वास थेट जाईजुईचा. दोन-तीन दिवसांत फुलं करपतात. त्यानंतर काही आठवड्यांत दुसरा पाऊस लागतो, फळ धरायला, तो ‘बॅकिंग शॉवर’. पहिला अर्धवट पडला तर कळ्या अर्ध्या उमलून वाया जातात. त्या दिवसांत ऑफिसात कुणाचंही लक्ष कागदात नसायचं. मालक रोज सकाळी पर्जन्यमापकाची नळी स्वतः बघायला जायचे, आणि सेंटचा हिशेब माझ्या वहीत लिहून घ्यायचे. शंभर सेंट म्हणजे एक इंच.

दुसरं म्हणजे सावली. ब्राझीलचे मळे उघड्या उन्हात असतात, आपले झाडाखाली. वर सिल्व्हर ओक, फणस, शिसव, त्याखाली पांगारा, त्याखाली कॉफी. मोठ्या झाडांवर मिरीचे वेल. सावलीने फळ सावकाश पिकतं हे आहेच, पण आणखी एक कारण आहे. अरेबिकाच्या खोडात पांढरा खोडकिडा शिरतो, आणि त्या भुंग्याला ऊन लागलेलं खोड आवडतं. सावली उघडी पडली की दोन वर्षांत रांगाच्या रांगा उपटाव्या लागतात. मी वहीत ‘उपटलेली झाडं’ असा वेगळा रकाना ठेवला होता.

जाता जाता शब्दांचा गोंधळ. आपल्या बाजारात धुतलेल्या अरेबिकाला ‘प्लँटेशन’ म्हणतात, धुतलेल्या रोबस्टाला (ही कॉफीची दुसरी, जास्त कडवट प्रजाती) ‘पार्चमेंट’, आणि फळासकट वाळवलेली दोन्हीपैकी कुठलीही असो, ती ‘चेरी’. पाकिटावर ‘प्लँटेशन ए’ वाचून लोकांना वाटतं कुठल्या तरी खास मळ्याची आहे.

जायफळ

आमच्या घरी कॉफी म्हणजे भरपूर दूध, साखर आणि वरून किसलेलं जायफळ. पाहुण्यांसाठी, उपासाला, कुणी रात्री अभ्यासाला बसलं तर. आईला अजून तीच हवी असते. मनापासून विचारते, एवढं दूध घातल्यावर उंची, पाऊस, धुणं-वाळवणं यातलं काही उरतं का? आणि चिकोरी म्हणजे नक्की काय?

बेळगावी

जायफळताई, उरतं, पण निवडक. दुधात आंबटपणा दबतो, त्यामुळे उंचावरच्या धुतलेल्या अरेबिकाचा नाजूकपणा जवळपास हरवतो. दाटपणा आणि कडवटपणा टिकतो. म्हणूनच दक्षिणेतल्या फिल्टर कॉफीच्या मिश्रणात रोबस्टा असते. तिच्यात कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट, आणि दुधातून वर येणारी ताकद आहे. चिकोरी हे एका वनस्पतीचं मूळ, भाजून दळलेलं. आपल्याकडे ते मुख्यतः गुजरातेत पिकतं. तिच्यात कॅफिन नाही. रंग आणि दाटपणा येतो, आणि पावडर पाणी जरा धरून ठेवते, त्यामुळे फिल्टरमधून डिकॉक्शन हळू उतरतं.

तुमच्या आईसाठी फळासकट वाळवलेली, म्हणजे ‘चेरी’, जरूर करून बघा. तिचा गोडवा दुधातही लागतो आणि जायफळाशी जमतो.

मेळघाटी

कर्नाटकाबद्दल सगळे लिहितात, म्हणून आमच्या चिखलदऱ्याची आठवण करून देतो. अमरावती जिल्हा, साधारण अकराशे मीटर उंची, अक्षांश २१ च्या पुढे. महाराष्ट्रात कॉफी पिकणारं ठिकाण म्हणून हेच सांगितलं जातं. लहानपणी परतवाड्याहून एसटीने वर जायचो तेव्हा घाट संपला की हवा एकदम बदलायची. कॉफीची झाडं पहिल्यांदा दाखवली ती आजोबांनी. लाल फळ तोडून तोंडात टाकायला दिलं. गोड लागलं, थोडं काकवीसारखं, आणि आत दोन बिया पाठीला पाठ लावून… नाही, चुकलं, सपाट बाजू समोरासमोर ठेवून बसलेल्या. खाली परतवाड्याला तेव्हा संत्र्याच्या बागा उन्हात तापलेल्या असायच्या. दोन तासांच्या आत दोन वेगळे देश बघितल्यासारखं वाटायचं.

क्षेत्र फार थोडं आहे, बाजारात नाव नाही. पण घाटमाथा म्हणतात तो उंचीचा हिशेब इथे स्वच्छ दिसतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात कॉफी जगते, ती फक्त त्या अकराशे मीटरमुळे.

रिमझिम

मग महाबळेश्वरला का नाही? उंची तर चिखलदऱ्याहूनही जास्त. थंडी आहे, पाऊस तर विचारूच नका.

बेळगावी

पाऊस किती यापेक्षा कधी, हे कॉफीला महत्त्वाचं. महाबळेश्वरला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो, मग पुढचे सात-आठ महिने कोरडे. चिकमगळूर-कूर्गला मार्च-एप्रिलमध्ये वळवाच्या सरी बऱ्यापैकी भरवशाने येतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊसही मिळतो. वर्षभराचा आकडा कमी असला तरी तो पसरलेला असतो. शिवाय महाबळेश्वरच्या सड्यावर पावसाळ्यातला वारा बघितलाय ना? कॉफीचं झाड वाऱ्याला हळवं.

पोथीवाला

इतिहासाचा एक धागा जोडतो, कारण ‘प्रदेश’ म्हणताना बियाणं कुठून आलं हेही बघायला हवं.

चिकमगळूरच्या वर बाबाबुदनगिरी आहे. दत्तभक्तांनाही ते ठिकाण ओळखीचं. परंपरा सांगते की बाबा बुदन नावाच्या सूफी संतांनी सतराव्या शतकात हजहून येताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणल्या आणि या डोंगरावर लावल्या. सात हा आकडा कथेतला धरा. पण कॉफी येमेनहून आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या मुलखात आली आणि इथून पुढे गेली, हे महत्त्वाचं. डचांनी १६९६ मध्ये मलबारहून रोपं जावाला नेली. ती पुरात गेली. १६९९ मध्ये पुन्हा नेली, ती जगली. जावाचं एक झाड १७०६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या वनस्पती उद्यानात पोचलं. त्याच्या वंशातलं एक १७१४ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईला भेट म्हणून गेलं. आणि १७२३ च्या सुमारास द क्लियू नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने एक रोप कॅरिबियनमधल्या मार्टिनिकला नेलं. लॅटिन अमेरिकेत ‘टिपिका’ म्हणून ओळखली जाणारी जात या वाटेने गेली. दुसरी मोठी जात ‘बूर्बों’. ती फ्रेंचांनी येमेनहून हिंदी महासागरातल्या बूर्बों बेटावर, म्हणजे आजच्या रेयुनियोंवर नेली, तिथून पुढे ब्राझीलला.

म्हणजे जगातले कितीतरी मळे मूठभर झाडांचे वंशज. त्याची किंमत १८६९ नंतर कळली. त्या साली सिलोनमध्ये कॉफीच्या पानांवर तांबेरा नोंदला गेला. गव्हावर, सोयाबीनवर आपण बघतो तशीच नारिंगी पूड, बुरशी वेगळी. पंधरा-वीस वर्षांत तिथली कॉफी संपली आणि त्या डोंगरांवर चहा आला. आज आपण श्रीलंका म्हटलं की चहा आठवतो, तो या तांबेऱ्यामुळे. भारतातही नुकसान झालं. १९२५ मध्ये बाळेहोन्नूरला संशोधन केंद्र सुरू झालं. तिथून १९४० च्या दशकात एस. ७९५ ही जात आली. तिच्या रक्तात लायबेरिका या दुसऱ्याच प्रजातीचा अंश आहे, आणि आजही आपल्या अरेबिकाच्या मळ्यांत ती भरपूर दिसते. घाटमाथा, तुमच्या दोन पुड्या बहुधा हिच्याच असतील.

नैरोबीकर

मी सतरा वर्षं केनियात आहे. पोथीवाल्यांनी विषय काढलाच आहे, तर मूळ मांडणीवर एक हरकत घेते. तुम्ही जात हा मुद्दा गाळलात.

इथे न्येरी, किरिन्यागा भागात माउंट केनियाच्या उतारावर लाल ज्वालामुखी मातीत कॉफी होते. उंची चांगली, रात्री गार. पण तसा थंडावा आणि तशी माती पूर्व आफ्रिकेत इतरत्रही आहे. केनियाची ओळख म्हणजे काळ्या मनुका आणि टोमॅटोच्या मधे कुठेतरी बसणारा तो तीव्र, रसाळ आंबटपणा. तो बऱ्याच अंशी एसएल २८ आणि एसएल ३४ या दोन जातींचा आहे. १९३० च्या दशकात इथल्या स्कॉट प्रयोगशाळेने त्या निवडल्या. एसएल २८ तर दुष्काळ सोसणारी म्हणून निवडली होती, चवीसाठी नव्हे. तांबेऱ्यापुढे ती टिकत नाही, उत्पन्न कमी, तरी शेतकरी ती सोडत नाहीत.

याहून स्पष्ट उदाहरण पनामाचं. ‘गेशा’ जातीची बियाणं १९३० च्या दशकात इथिओपियातून गोळा झाली, कोस्टारिकातल्या संशोधन संस्थेमार्गे १९६० च्या दशकात पनामात आली आणि मळ्यांच्या कोपऱ्यांत विसरली गेली. २००४ मध्ये ‘हासिएंडा ला एस्मेराल्दा’ने त्या झाडांची कॉफी वेगळी काढून स्पर्धेत ठेवली, आणि परीक्षकांना ती पनामाची वाटेचना. मोगऱ्यासारखी, बर्गमॉट या सुगंधी लिंबूवर्गीय फळासारखी. डोंगर तोच, पाऊस तोच, धुण्याची पद्धत तीच. फक्त झाड वेगळं.

तरी तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला इथून दुजोरा देते. इथे गावोगावच्या सहकारी सोसायट्यांची धुलाई केंद्रं आहेत, त्यांना ‘फॅक्टरी’ म्हणतात. तिथे गर आंबवून, धुऊन, वर पुन्हा स्वच्छ पाण्यात बिया भिजत ठेवतात. डोंगरातून झरे वाहतात म्हणून हे परवडतं. आणि हो, पाकिटावरचं ‘एए’ म्हणजे दाण्याचा आकार. चवीचा दर्जा नव्हे. इथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी हे सांगते.

घाटमाथा

नैरोबीकर, हरकत मान्य. मी चिकमगळूरला एकाच जातीच्या दोन पुड्या घेतल्या म्हणून जात माझ्या नजरेआड झाली. गेशाचं उदाहरण माझी मांडणी अपुरी ठरवतं. तरी एक विचार मनात येतो: एसएल २८ दुष्काळासाठी निवडली, एस. ७९५ तांबेऱ्यासाठी. म्हणजे जातसुद्धा आभाळाकडे आणि मातीकडे बघूनच निवडली गेली. चव मागून आली.

अबाय

इथिओपियात जिम्मा इथे चार वर्षं शिकवत होतो. तिथे राहिल्यावर ‘जात’ या शब्दाचा अर्थच बदलतो. नैऋत्येच्या जंगलात अरेबिका आपोआप उगवते, कुणी लावलेली नाही. लोक जंगलात जाऊन फळं तोडतात. कुठे थोडं रान साफ केलेलं असतं, कुठे घराच्या परसात दहा-वीस झाडं. एका परसातली दहा झाडं दहा तऱ्हेची. नैरोबीकरांनी दोन जातींची नावं सांगितली, इथे हजारो आहेत आणि बहुतेकांना फक्त गावातली नावं.

घाटमाथांचा मुद्दा मात्र इथे एकाच देशात पडताळता येतो. दक्षिणेला यिर्गाचेफेकडे पाणी आहे, धुलाई केंद्रं आहेत. तिथली धुतलेली कॉफी फुलांसारखी, लिंबासारखी. पूर्वेला हरार कोरडं. तिथे पिढ्यानपिढ्या फळासकट वाळवतात. ती कॉफी दारूच्या जवळ जाणारी, जांभळासारखी. समुद्रापलीकडे येमेनमध्येही डोंगरातल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत पाणी जपून वापरावं लागतं, म्हणून तिथेही फळासकटच. तिथे उरलेल्या सालीचंही पेय करतात, त्याला ‘किश्र’ म्हणतात.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा देश आपली जवळपास निम्मी कॉफी स्वतःच पितो. शेजारच्या घरी बोलावणं आलं की किमान दीड-दोन तास जायचे. जमिनीवर गवत पसरायचं, हिरव्या बिया धुऊन तव्यावर भाजायच्या, धूर सगळ्यांच्या नाकापर्यंत फिरवायचा, खलबत्त्यात कुटायच्या, ‘जबेना’ नावाच्या मातीच्या सुरईत उकळायच्या. तीन वाट्या होतात: अबोल, तोना, बरका. तिसरीआधी उठणं बरं दिसत नाही. माझी आई तिकडे आली होती. भाषा एक अक्षर येत नव्हतं, पण बिया निवडायला ती पहिल्या दिवसापासून त्या बायकांच्या शेजारी बसली. सुपात पाखडून दाखवलं तर सगळ्या हसल्या, आणि मग त्यांनीही तसंच पाखडून दाखवलं.

रिमझिम

अबाय, फार सुंदर लिहिलंत. वेगळा धागा काढा यावर.

मेकाँग

रोबस्टाबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. व्हिएतनाममध्ये कामानिमित्त तीन वर्षं होतो. ब्राझीलनंतर सर्वांत जास्त कॉफी हा देश पिकवतो, आणि ती बहुतांश रोबस्टा. मधल्या पठारावर, बुओन मा थुओतच्या आसपास, लाल बेसाल्टची माती. आपलं दख्खनही बेसाल्टचंच, पण तिथल्या पावसात मातीचं रंगरूप वेगळं झालंय. १९८६ नंतर आर्थिक धोरण बदललं आणि दहा-पंधरा वर्षांत हे पठार कॉफीने भरून गेलं. कोरड्या महिन्यांत विहिरींचं पाणी देऊन सगळी झाडं एकदम फुलवतात.

रोबस्टा कमी उंचीवर, जास्त उष्णतेत होते, रोगाला दाद देत नाही, म्हणून ती स्वस्त आणि म्हणून ती वाईट, असं समीकरण झालंय. तोडताना पिकलं-कच्चं एकत्र ओरबाडलं तर अरेबिकाही वाईट लागेल. वायनाडच्या रोबस्टाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वेळी कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी आणि अराकूच्या अरेबिकांना मिळालं. त्या पंगतीत ती बसली याचं मला फार बरं वाटलं.

बेळगावी

मेकाँग, अगदी बरोबर. आणि रोबस्टाची एक गंमत: अरेबिका स्वतःच्या परागाने फळते, रोबस्टाला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. म्हणजे वारा आणि मधमाश्या. कूर्गमध्ये फुलोऱ्याच्या दिवसांत उंच झाडांवरच्या आग्या मोहोळांमुळे रोबस्टाचं पीक चांगलं धरतं. वरची जुनी झाडं तोडली की मोहोळं जातात. सावलीचा हिशेब असा फळापर्यंत पोचतो.

किनारा

मंगळूरहून लिहितेय, माहेर मालवणचं. घाटमाथांच्या ‘आभाळ ठरवतं’ या म्हणण्याला आमच्या गावचं उदाहरण जोडलंच पाहिजे: मॉन्सून्ड मलबार.

पूर्वी मलबारची कॉफी शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून युरोपला जायची. कित्येक महिने खारी दमट हवा लागून दाणे फुगायचे, फिकट पिवळे पडायचे, आंबटपणा निघून जायचा. तिकडच्या लोकांना तीच चव सवयीची झाली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला (पोथीवाले, तुमच्या तांबेऱ्याचंच साल), वाफेची जहाजं आली, प्रवास आटोपशीर झाला आणि ती चव गेली. गिऱ्हाइकं जुनी कॉफी मागू लागली. मग इथल्या लोकांनी समुद्रावरची हवा जमिनीवर वापरायला सुरुवात केली. जून ते सप्टेंबर, बाजूंनी उघड्या गोदामांत फळासकट वाळवलेल्या कॉफीचे दाणे पसरायचे, दाताळ्याने खालीवर करायचे, नंतर सैल पोत्यांत भरून वाऱ्याच्या तोंडाला लावायचे, पोती पुन्हा पुन्हा उघडून बदलायची. दाणा जवळपास दुप्पट फुगतो आणि पेंढ्याच्या रंगाचा होतो.

माझे सासरे या कामावर देखरेख करायचे. हात पोत्यात कोपरापर्यंत घालून वास घ्यायचे आणि सांगायचे, हे पोतं आज फिरवा, ते उद्या. एक दिवस चुकला तर बुरशी. पावसाळ्यात त्यांच्या सगळ्या सदऱ्यांना तो वास असायचा, सुक्या गवताचा आणि गोणपाटाचा. आमच्याकडे आई गोधड्या आणि पापड या हवेपासून वाचवायला धडपडायची, आणि इथे माणसं कॉफी मुद्दाम त्याच हवेत ठेवत होती. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मला याचं फार नवल वाटलं होतं.

पोथीवाला

किनारा, साल जुळलेलं लक्षातच आलं नव्हतं. धन्यवाद.

रिमझिम

पण आता आभाळच बदलतंय, त्याचं काय? पावसाचे महिने सरकले तर या चवी राहतील का?

बेळगावी

मी नोकरी सोडली त्याआधीच्या काही वर्षांत डिसेंबर-जानेवारीत पाऊस येऊ लागला होता. पिकलेलं फळ फुटतं, गळतं, खळ्यावरचं काळं पडतं, आणि त्याच पावसाने कळ्या अवेळी उमलतात, म्हणजे पुढच्या वर्षाचंही नुकसान. ऑगस्ट २०१८ मध्ये कूर्गमध्ये डोंगर खचले, तेव्हा ओळखीच्या दोन घरांचे मळे उतारासकट खाली गेले. नवीन कॉफी लावून पहिलं बऱ्यापैकी पीक यायला तीन-चार वर्षं लागतात. मातीच गेली तर ते कुठे लावायचं?

घाटमाथा

ब्राझीलमध्ये जुलै १९७५ च्या एका गोठवणाऱ्या रात्रीने पाराना राज्यातले मळे जवळजवळ सगळे मेले. त्यानंतर तिथली कॉफी उत्तरेकडे, मिनास जेराइसच्या पठारांकडे सरकली. म्हणजे प्रदेश आधीही हलले आहेत. पण तिकडे सरकायला सपाट जमीन होती. अरेबिकाला उष्णता वाढल्यावर वर सरकावं लागतं आणि डोंगर वर निमुळता होत जातो. बाबाबुदनगिरीच्या माथ्यावर उभं राहिलं की हे डोळ्यांना दिसतं. वर आता फक्त गवत आणि शोला जंगल (डोंगरघळींतलं ठेंगणं सदाहरित रान) आहे, आणि ते तसंच राहायला हवं.

मेळघाटी

चिखलदऱ्याच्या थोड्या बिया माझ्याकडे आहेत, कच्च्या. घाटमाथा आणि जायफळताई, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, पाठवतो. भाजताना कढई जाड घ्या आणि हात थांबवू नका.

जायफळ

मेळघाटी, पुडी मिळाली, मनापासून आभार. बेळगावींच्या सांगण्यावरून चिकमगळूरची ‘चेरी’ही मागवली होती. काल संध्याकाळी आईसमोर दोन्ही ठेवल्या, आधी बिनदुधाच्या. चिखलदऱ्याची मी कढईत भाजली, थोडी जास्तच झाली, पण मागे एक छान गुळासारखी चव राहिली. चिकमगळूरचा कप आईने नुसता हुंगला आणि म्हणाली, “यात फणस घातलायस का गं?” मी तिला धाग्यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं.

मग दोन्हींत दूध, साखर, जायफळ. फणसवाली तिने पूर्ण संपवली. चिखलदऱ्याची म्हणाली जायफळाशिवाय कर, उद्या सकाळी.